काय बदललं नाही, हे ओळखणारं बिल्ड

आमच्या अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये एका बटणावरचा मजकूर बदलला तरी तो फोनवर दिसायला सात-आठ मिनिटं लागायची, असा एक काळ होता. कोडपासून फोनवर चालणारं अ‍ॅप तयार होण्याच्या ह्या क्रियेला बिल्ड म्हणतात. अ‍ॅप मोठं होतं हे खरं. जावा ह्या भाषेत सुरू झालेलं, गूगलने 2017 मध्ये कोटलिन ह्या नव्या भाषेला अधिकृत पाठिंबा जाहीर केल्यावर हळूहळू कोटलिनकडे वळलेलं, आणि दर वर्षी नव्या टीमच्या नव्या स्क्रीन पोटात घेत गेलेलं. पण बटणावरचा मजकूर बदलताना कोडची एक ओळही बदललेली नसते. मग ती मिनिटं जातात कुठे, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. पुण्यातल्या आमच्या छोट्या प्लॅटफॉर्म टीमने पुढचे बरेच महिने ह्याच एका प्रश्नाचा पाठलाग केला. त्या कामाची ही हकीकत.

संथ बिल्डमुळे माणसं कोड लिहायची पद्धतच बदलतात, आणि मला मिनिटांपेक्षा तेच जास्त लागत होतं. एखाद्या फंक्शनचं नाव दिशाभूल करणारं आहे हे दिसत असूनही कुणी ते बदलत नाही, कारण नाव बदललं की अर्धं अ‍ॅप पुन्हा कंपाइल होणार, म्हणजे यंत्राला कळेल अशा रूपात पुन्हा उतरवावं लागणार. चार वेगळे बदल एकाच पीआरमध्ये, म्हणजे तपासणीसाठी पाठवायच्या गठ्ठ्यात, कोंबले जातात, कारण चारदा थांबायची कुणाची तयारी नसते. नव्याने लागलेली मुलं प्रयोग करायचंच सोडतात. एक मुलगी मला म्हणाली होती, "सर, मी आधी सगळं कागदावर लिहून बघते, मग रन करते." तिला ती शिस्त वाटत होती. मला वाईट वाटलं. कॉलेजातून नुकत्याच आलेल्या मुलीला मनात येईल तेव्हा रन करून बघता आलं पाहिजे. त्याशिवाय अँड्रॉइडची लाइफसायकल अंगवळणी पडणार कशी?

सगळ्यांना सुचतो तोच उपाय आधी झाला: मशीन बदला. नवे लॅपटॉप आले, बिल्ड चालवणाऱ्या ग्रेडल ह्या साधनाच्या डीमनला (मागे चालत राहणाऱ्या प्रोग्रामला) आणि कोटलिन डीमनला मेमरी वाढवून दिली, आणि बिल्ड खरोखर पळू लागलं. पण कोड वाढायचा थांबला नव्हता. काही महिन्यांत घड्याळ पुन्हा जिथल्या तिथे आलं. जे काम करायचीच गरज नाही ते जलद केल्याने गरज नसणं काही बदलत नाही.

म्हणून मोजायला बसलो. ग्रेडलचं बिल्ड स्कॅन प्रत्येक टास्क, म्हणजे बिल्डमधला एकेक टप्पा, किती वेळ चालला हे सांगतं आणि का चालला हेही सांगतं. आमच्या दृष्टीने सगळा जीव त्या 'का'मध्ये होता. टास्क 'अप-टू-डेट' असेल तर ग्रेडलने त्याला हातच लावलेला नसतो. 'फ्रॉम-कॅश' असेल तर आधी कधीतरी झालेल्या कामाचं फळ उचलून आणलेलं असतं. आणि टास्क चाललाच असेल तर कोणतं इनपुट बदललं म्हणून चालला, ते तिथे लिहिलेलं असतं. जोडीला ग्रेडल प्रोफाइलर हे ओपन सोर्स साधन घेतलं. ते दिलेल्या फाइलमध्ये स्वतःच ठरलेला बदल करतं, बिल्ड चालवतं, पुन्हा बदल करतं, पुन्हा चालवतं, आणि शेवटी आकडे मांडून देतं. त्यात बदलाचे दोन प्रकार निवडता येतात. पहिला एबीआय बदलणारा: क्लासमध्ये नवी पब्लिक मेथड घालायची, म्हणजे बाहेरच्यांना दिसणारा चेहरा बदलतो. दुसरा फंक्शनच्या आतला: एखादी ओळ बदलायची, बाहेरून काही कळत नाही.

आमच्याकडे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले. तो तक्ता मी बराच वेळ बघत बसलो, कारण निदान त्यातच होतं. मोठ्या कोडबेसवर टूलिंग नीट चालत असेल तर आतला बदल स्वस्त पडायला हवा आणि चेहऱ्यातला महाग. दोन्ही सारखेच महाग पडत असतील तर टूलला आत-बाहेर हा फरक दिसतच नाही असा त्याचा अर्थ. पंगतीत एकाने मीठ मागितलं म्हणून अख्खी पंगत उठवून पुन्हा बसवावी, तसं आमचं चाललं होतं.

बटणाच्या मजकुराचं कोडं सर्वांत आधी सुटलं. अँड्रॉइडचं ग्रेडल प्लगइन बिल्डकॉन्फिग नावाचा एक जावा क्लास स्वतः तयार करतं. त्यात फार पूर्वी कुणीतरी बिल्डची वेळ घातली होती, सेकंदांसकट, क्रॅश रिपोर्ट वाचताना उपयोगी पडेल म्हणून. हेतू चांगला होता. पण त्यामुळे प्रत्येक बिल्डला एक सोर्स फाइल नवी होत होती, आणि ती फाइल सगळ्यात मोठ्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे अ‍ॅपच्या वेगळ्या कंपाइल होणाऱ्या भागांतल्या सर्वांत मोठ्या भागात, होती. ग्रेडलच्या नजरेतून बघितलं तर कोड खरंच बदलला होता, दर वेळी. रोजच्या कामाच्या डीबग बिल्डमध्ये ती वेळ कायमची एकच ठेवली, लोकांपर्यंत जाणाऱ्या रिलीजमध्ये खरी राहू दिली. बदल मोजक्या ओळींचा. मजकूर बदलण्याचं बिल्ड त्या दिवसापासून मिनिटाच्या आत आलं. प्लगइनच्या 8.0 ह्या आवृत्तीपासून, म्हणजे 2023 पासून, बिल्डकॉन्फिग मुळातच बंद असतं आणि हवं असेल त्याने मागून घ्यायचं असतं. मला हा निर्णय फार योग्य वाटतो. एखादी गोष्ट सगळ्यांना फुकट मिळाली की तिची किंमत कुणी विचारत नाही.

कोडमधल्या बदलांचं दुखणं मात्र खोलवर होतं, आणि त्याचं नाव कॅप्ट.

अँड्रॉइडमध्ये बराच कोड माणसं लिहीत नाहीत, कोडवर लावलेल्या खुणा, म्हणजे अ‍ॅनोटेशन, वाचून प्रोसेसर लिहितात. कोणत्या क्लासला काय पुरवायचं ही जोडणी डॅगर लिहितं, डेटाबेसचा कोड रूम लिहितं. हे प्रोसेसर जावाच्या जमान्यात जन्मले. त्यांना जावा वाचता येतं, कोटलिन नाही. म्हणून कॅप्टने एक पूल बांधला. आधी कोटलिन कंपायलरने सगळा कोड वाचायचा आणि प्रत्येक क्लासची पोकळ जावा प्रत काढायची, ज्यात मेथडची नावं आणि टाइप असतील पण आत काही नसेल. ह्या प्रतींना स्टब म्हणतात. मग प्रोसेसर ते स्टब वाचून आपला कोड लिहिणार. त्यानंतर कोटलिन कंपायलर खरं कंपाइल करायला पुन्हा पहिल्यापासून बसणार. कोटलिन 1.0 आलं 2016 मध्ये. त्या वेळी जावाच्या प्रोसेसरांचं सगळं विश्व कोटलिनला ह्याच पुलावरून वापरता आलं. तो नसता तर आमच्यासारख्या अ‍ॅपने कोटलिनकडे वळायचं धाडसच केलं नसतं, त्यामुळे कॅप्टला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. पण मोठ्या मॉड्यूलमध्ये तोच कोड दोनदा समजून घेण्याचा खर्च आम्ही प्रत्येक बिल्डला भरत होतो.

कॅप्टच्या चुकांचे निरोपही ह्या पुलामुळेच दुर्बोध होतात. प्रोसेसर जो क्लास पुढे तयार करणार आहे, तो स्टब काढताना अजून अस्तित्वात नसतो. कंपायलर तिथे 'नॉनएक्झिस्टंटक्लास' असं लिहून पुढे जातो. मग चूक दिसते ती अशा जावा फाइलमध्ये जी कुणी लिहिलेलीच नाही, आणि बोट दाखवते अशा क्लासकडे जो कुठेच नाही. खरी चूक भलतीकडेच, कुठेतरी विसरलेल्या इंपोर्टमध्ये असते. आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात हा एरर भेटला नाही असं क्वचित व्हायचं.

ह्यावरचा उपाय केएसपी. गूगलने तयार केलेलं हे साधन 2021 मध्ये स्थिर झालं. त्यात प्रोसेसर कोटलिनच्या चिन्हांशी थेट बोलतो. स्टब नाहीत, जावाचं सोंग नाही. गूगलचा दावा कॅप्टपेक्षा दुप्पट वेगापर्यंतचा होता. रूमचा केएसपी आधार लवकर आला, तो घेऊन आम्ही उत्साहाने डेटाबेसचा भाग बदलला. बिल्डचा वेळ मात्र जागचा हलला नाही.

ही गोष्ट नीट सांगतो, कारण ह्या वाटेने जाणारा प्रत्येक जण इथे अडखळतो. खर्च प्रोसेसरचा कमी असतो, स्टब काढण्याचा जास्त. एका मॉड्यूलमध्ये पाच प्रोसेसर कॅप्टवर असतील आणि त्यातले चार केएसपीवर नेले, तरी पाचव्यासाठी सगळ्या मॉड्यूलचे स्टब निघणारच. वर केएसपीचा स्वतःचा खर्च वाढला. म्हणजे अर्ध्या वाटेवर असताना बिल्ड आधीपेक्षा संथही होऊ शकतं. फायदा मिळतो तो त्या मॉड्यूलमधला शेवटचा कॅप्ट जाईल तेव्हाच. त्यामुळे लायब्ररीनुसार जायचं सोडून आम्ही मॉड्यूलनुसार जायचं ठरवलं: एक मॉड्यूल हातात घ्यायचं, ते पूर्ण मोकळं करायचं, मगच पुढचं. डॅगरचा केएसपी आधार 2023 मध्ये अल्फा म्हणून आला आणि तिथून पुढे कामाला खरा वेग आला.

सगळ्यात चिवट निघालं डेटा बाइंडिंग. लेआउटच्या एक्सएमएलमध्येच छोट्या अभिव्यक्ती लिहिण्याची ती सोय. तिला कॅप्ट लागतं आणि केएसपीची वाट तिच्यासाठी नाही. जिथे डेटा बाइंडिंग तिथे कॅप्ट, हे समीकरण तोडायचं तर त्या स्क्रीन व्ह्यू बाइंडिंग ह्या साध्या जोडणीवर किंवा स्क्रीन थेट कोटलिनमध्ये लिहिण्याच्या कंपोज ह्या पद्धतीवर न्यायला हव्या होत्या. एक्सएमएलमध्ये लपलेलं लॉजिक बाहेर काढून कोटलिनमध्ये लिहायचं हे कंटाळवाणं काम आहे, आणि त्यातून वापरणाऱ्याला नवीन काही दिसत नाही. प्रॉडक्ट मॅनेजरना ते पटवायला आकडेच उपयोगी पडले. "तुमच्या टीमच्या मॉड्यूलमध्ये एक ओळ बदलली की इतका वेळ, शेजारच्या टीमच्या मोकळ्या मॉड्यूलमध्ये तितका." दोन स्तंभ शेजारीशेजारी ठेवले की वाद फारसा होत नसे.

आता मॉड्यूलकडे येतो, कारण खरा विषय तिथे आहे.

कंपायलर कितीही हुशार असला तरी काय सोडून द्यायचं हे त्याला कोडच्या मांडणीवरूनच कळतं. एक लाख ओळी एकाच मॉड्यूलमध्ये असतील तर त्यातलं कुणीही कुणालाही हाक मारू शकतं, आणि टूलला सावध राहावं लागतं. तोच कोड मॉड्यूलमध्ये विभागला, तर ग्रेडल एका मॉड्यूलचा एबीआय आधीच्या एबीआयशी ताडून बघतं. चेहरा तोच असेल तर त्यावर अवलंबून असलेल्या मॉड्यूलना ते उठवतच नाही. मात्र ह्यासाठी मॉड्यूलला खरोखर चेहरा हवा. अँड्रॉइड प्लगइन 3.0 बरोबर 2017 मध्ये जुना 'कंपाइल' हा शब्द जाऊन 'एपीआय' आणि 'इंप्लिमेंटेशन' असे दोन आले. एपीआय म्हटलं की माझ्या आतली लायब्ररी माझ्यावर अवलंबून असणाऱ्यांनाही दिसते. इंप्लिमेंटेशन म्हटलं की ती माझ्यापाशीच राहते. आमच्या फाइलींमध्ये बहुतेक ठिकाणी एपीआय लिहिलेलं होतं, कारण ते लिहिलं की सगळं 'चालतं'. त्यामुळे मॉड्यूल कागदावर वेगळी असली तरी आतून सगळ्यांच्या भिंती पडलेल्या होत्या. एकेक ओळ बदलून, तुटलेलं जोडत, आम्ही त्या भिंती परत उभ्या केल्या.

त्यानंतरही 'कॉमन' नावाचं एक मॉड्यूल त्रास देत राहिलं. प्रत्येक मोठ्या अ‍ॅपमध्ये हे असतं. नाव कधी कॉमन, कधी कोअर, कधी युटिल्स. त्यात फंक्शनच्या आतली ओळ बदलली तरी सगळं अ‍ॅप जागं व्हायचं. कारण शोधायला वेळ लागला. त्यातली बरीच फंक्शन इनलाइन होती. कोटलिनमध्ये इनलाइन फंक्शनचं पोट हाक मारणाऱ्याच्या कोडमध्ये जसंच्या तसं उतरवलं जातं. म्हणजे त्याचं पोटच त्याचा चेहरा. ते बदललं की उतरवून घेतलेल्या प्रत्येकाला पुन्हा कंपाइल करावंच लागतं, आणि टूल इथे अगदी बरोबर वागत होतं. 'कॉन्स्ट व्हॅल'चंही तसंच: किंमत थेट वापराच्या जागी छापली जाते. ज्या फंक्शनना रीफाइड (अ‍ॅप चालताना ओळखता येणारा) टाइप लागत होता किंवा लॅम्डाचा, म्हणजे दुसऱ्या फंक्शनला दिलेल्या छोट्या बिननावाच्या फंक्शनचा, खर्च वाचवायचा होता ती इनलाइन ठेवली, पण त्यांचं पोट बारीक केलं आणि खरं काम शेजारच्या साध्या फंक्शनकडे दिलं. बाकीच्यांवरून तो शब्द काढून टाकला.

आर क्लासची कथा ह्याच जातीची. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक चित्राला, मजकुराला, लेआउटला एक आयडी मिळतो आणि तो आर नावाच्या क्लासमध्ये असतो. जुन्या पद्धतीत प्रत्येक मॉड्यूलच्या आर क्लासमध्ये त्याच्या खालच्या सगळ्या मॉड्यूलचेही आयडी येत. तळाच्या मॉड्यूलमध्ये एक नवा मजकूर घातला की वरच्या प्रत्येकाचा आर बदलायचा. अ‍ॅप मराठी, हिंदी, इंग्रजी अशा भाषांत असल्यामुळे आमच्याकडे मजकूर सतत वाढत असे, आणि तो सगळा तळाच्या एकाच मॉड्यूलमध्ये ठेवलेला. नॉन-ट्रान्झिटिव्ह आर क्लास चालू केला की प्रत्येकाच्या आरमध्ये फक्त त्याचेच आयडी राहतात. अँड्रॉइड स्टुडिओमध्ये त्यासाठी तयार रीफॅक्टर आहे. त्याने हजारो जागी इंपोर्ट बदलून दिले. तो पीआर उघडताना ब्राउझर दमला, पण मर्ज झाल्यावर फरक त्याच संध्याकाळी जाणवला. मग मजकूरही ज्याच्या त्याच्या मॉड्यूलमध्ये हलवले.

सगळ्यात जास्त चर्चा झाली ती प्रत्येक फीचरची दोन मॉड्यूल करण्यावर. पेमेंटचं उदाहरण घ्या. एका छोट्या मॉड्यूलमध्ये फक्त इंटरफेस: पेमेंट सुरू कर, निकाल कळव. दुसऱ्यात सगळा खरा कोड. बाकीची फीचर फक्त पहिल्याला ओळखतात. दुसऱ्याला ओळखतं फक्त सगळ्यात वरचं अ‍ॅप मॉड्यूल, तेही जोडणीपुरतं. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने बैठकीत सरळ विचारलं, "अहो, एका स्क्रीनसाठी दोन मॉड्यूल? उद्या मॉड्यूलचीच गर्दी होईल." त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. दोन बटणांच्या स्क्रीनला हा थाट नको, हे आम्ही मान्य केलं. पण पेमेंटसारख्या भागाला, ज्याला बाकीचे सगळे हाक मारतात, तिथे आतला बदल आतच राहणं ह्याची किंमत फार मोठी असते. तो भाग असा विभागला त्यानंतर पेमेंट टीमच्या रोजच्या बदलांनी इतर कुणाचं बिल्ड जागं होईना. प्रोफाइलरच्या तक्त्यात आतला बदल आणि चेहऱ्यातला बदल ह्यांचे आकडे पहिल्यांदा एकमेकांपासून दूर गेले. माझ्यासाठी ह्या सगळ्या कामातला तो सर्वांत आनंदाचा दिवस होता.

ह्याच सुमारास कोटलिनची बाजूही सुधारत होती. 1.7 मध्ये इन्क्रिमेंटल कंपाइलची नवी पद्धत प्रायोगिक म्हणून आली आणि 1.8.20 पासून ती आपोआप चालू असते. आधी मॉड्यूलच्या सीमेपलीकडचा बदल कळायचा म्हणजे कंपायलरला बरीच अंदाजपंची करावी लागे, आणि शंका आली की तो सगळंच पुन्हा करायचा. आता तो अवलंबून असलेल्या क्लासांचे स्नॅपशॉट ठेवतो आणि नेमक्या बदललेल्या चिन्हांचा माग काढतो. आपण भिंती बांधायच्या आणि टूलने त्या ओळखायच्या, असं दोन्ही बाजूंनी झालं की फळ दिसतं.

मॉड्यूल वाढल्यावर एक वेगळा खर्च पुढे आला, ग्रेडलच्या कॉन्फिगरेशनचा. काहीही कंपाइल करण्याआधी ग्रेडल प्रत्येक मॉड्यूलची बिल्ड फाइल चालवून टास्कचा आराखडा मांडतं. शंभरावर मॉड्यूल झाली की नुसती ही मांडामांड जाणवू लागते. कॉन्फिगरेशन कॅश ग्रेडल 8.1 मध्ये, 2023 साली, स्थिर झाली. ती चालू करायला काही जुनी प्लगइन बदलावी लागली, पण त्यानंतर तो आराखडा थेट उचलला जातो. बिल्डएसआरसी फोल्डरमधला सामाईक कोडही वेगळ्या इनक्लूडेड बिल्डमध्ये नेला, कारण बिल्डएसआरसीत एक शब्द बदलला तरी ग्रेडल सगळ्या प्रकल्पाबद्दल साशंक होतं.

रिमोट कॅशबद्दल माझ्या मनात फार मोठ्या अपेक्षा होत्या. सीआयने, म्हणजे आपोआप बिल्ड आणि चाचण्या चालवणाऱ्या व्यवस्थेने, रात्री बिल्ड करायचं, निकाल सर्व्हरवर ठेवायचे, सकाळी आपण मुख्य ब्रँच घेतली की कंपाइल न करता ते उतरवून घ्यायचे. सुरुवातीला जवळपास काहीच उतरेना. डेटाबेस असलेल्या मॉड्यूलपाशी कारण सापडलं: रूमला स्कीमा, म्हणजे डेटाबेसच्या रचनेची फाइल, कुठे ठेवायचा तो पूर्ण पाथ दिलेला होता, आणि त्या पाथमध्ये प्रत्येकाच्या लॅपटॉपवरचं त्याचं यूजरनेम होतं. कॅशच्या दृष्टीने प्रत्येक माणसाचं इनपुट वेगळं, म्हणून कुणाचं कुणाशी जुळेना. रूमचं स्वतःचं ग्रेडल प्लगइन आल्यावर ते दुखणं गेलं. जेडीके, म्हणजे जावाचा साधनसंच, तोही ग्रेडलच्या टूलचेन ह्या सोयीने सगळीकडे एकच केला. आता सकाळी पुल केल्यावर 'फ्रॉम-कॅश'च्या ओळी सरसर जाताना बघितल्या की अजूनही मला समाधान वाटतं.

एडिटरबद्दल बोलायला हवं, कारण डेव्हलपरचा जास्त वेळ बिल्डपेक्षा तिथे जातो. आमच्या जुन्या मोठ्या फाइलींमध्ये टाइप केल्यावर सुचवण्या येईपर्यंत माणूस शब्द लिहून मोकळा व्हायचा. रंग मागाहून भरले जायचे. कोटलिन 2.0 हे 21 मे 2024 रोजी आलं आणि त्याबरोबर कंपायलरचा पुढचा अर्धा भाग, के2, नव्याने लिहिलेला आला. कोटलिन बनवणाऱ्या जेटब्रेन्सने त्या वेळी अँकी-अँड्रॉइड ह्या मुक्त प्रकल्पाचे आकडे दिले होते: आधीच्या आवृत्तीत क्लीन बिल्ड 57.7 सेकंद, 2.0 मध्ये 29.7. आमच्यासारख्या गुंतागुंतीच्या अ‍ॅपमध्ये झेप इतकी मोठी नव्हती, तरी स्पष्ट दिसणारी होती. एडिटरमध्ये के2 मोड चालू केल्यावर मात्र लोकांनी स्वतःहून येऊन सांगितलं, आणि बिल्डच्या आकड्यांबद्दल असं कुणी कधी येऊन सांगत नाही.

इथेही कोडची मांडणी टूलच्या मदतीला येते. कोटलिनमध्ये फंक्शनचा परतीचा टाइप न लिहिता नुसतं बरोबरचं चिन्ह टाकून ते लिहिता येतं. लिहायला छान. पण तो टाइप कळायला कंपायलरला त्या फंक्शनच्या पोटात शिरावं लागतं, तिथून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या. सहीवरूनच टाइप कळला तर पोट उघडायची गरज नाही. म्हणून सामाईक मॉड्यूलमध्ये आम्ही एक्सप्लिसिट एपीआय मोड चालू केला: जे पब्लिक आहे त्यावर तसं लिहायचं आणि टाइपही लिहायचा, नाहीतर कंपाइल होणार नाही. दुहेरी लाभ झाला. कितीतरी फंक्शन उगाचच पब्लिक होती हे लिहिताना लक्षात आलं आणि ती इंटर्नल, म्हणजे मॉड्यूलपुरतीच दिसणारी, झाली; चेहरा आणखी लहान.

शेजारी बसणाऱ्या आयओएस टीमचा अनुभव ह्याच्याशी जुळणारा होता, ही मला आश्वासक गोष्ट वाटली. स्विफ्टमध्ये एका ओळीत बऱ्याच अधिक-वजा चिन्हांची आणि लिटरल आकड्यांची साखळी केली, की टाइप-चेकर शक्यतांच्या जंगलात शिरतो आणि शेवटी ही अभिव्यक्ती वाजवी वेळात तपासता येत नाही, तिचे तुकडे करा, असं सांगून थांबतो. त्यांनी ठरावीक मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ घेणाऱ्या अभिव्यक्ती आणि फंक्शनवर इशारा देणारे कंपायलरचे फ्लॅग चालू केले आणि त्या यादीतल्या ओळींना टाइप लिहून दिले. भाषा वेगळी, कंपायलर वेगळा, औषध तेच.

जिथे हा सगळा विचार लागू पडत नाही अशी एक जागा आहे, रिलीज बिल्डमधलं आर8. ते न वापरलेला कोड काढून टाकतं, नावं लहान करतं, फंक्शन एकमेकांत मिसळतं. त्यासाठी त्याला सगळं अ‍ॅप एकदम डोळ्यासमोर लागतं. मॉड्यूलच्या भिंती त्याच्या कामाच्या नाहीत, उलट त्या ओलांडण्यातच त्याचं कौशल्य आहे. फोनसाठी कंपाइल झालेला कोड ज्यात असतो त्या एका डेक्स फाइलमध्ये 65,536 मेथडच बसतात, त्या मर्यादेशी झुंजणाऱ्या जुन्या दिवसांत कोड छाटण्याची गरज जिवावर बेतलेली असे. 2014 च्या अँड्रॉइड 5.0 पासून अनेक डेक्स फाइली आपोआप चालतात, तरी स्वस्त फोनवर लहान अ‍ॅपचं महत्त्व आजही तेवढंच आहे. आर8 ला घाई करता येत नाही. आम्ही ते डेव्हलपरच्या रोजच्या वाटेतून पूर्ण बाहेर काढलं आणि सीआयवर रोज रात्री चालवायला लावलं, सोबत त्या छाटलेल्या बिल्डवर मुख्य चाचण्याही. प्लगइन 8.0 पासून आर8 चा फुल मोड, म्हणजे जास्त कडक छाटणी, आपोआप चालू झाला, तेव्हा ह्या रात्रीच्या चाचण्यांनीच आम्हाला सांगितलं, की टाइपटोकन वापरून जेसन वाचणारे काही क्लास रिलीजमध्ये कोसळत आहेत. जेनेरिकची सही छाटली गेली होती. जेसन वाचणाऱ्या जीसॉन ह्या लायब्ररीसाठी लागणारे कीप नियम, म्हणजे काय छाटू नये ह्याच्या सूचना, घातल्यावर ते थांबलं. दिवसा कुणाला पत्ताही लागला नाही.

आज फंक्शनच्या आतला बदल करून अ‍ॅप फोनवर येईपर्यंत आमच्या बहुतेक मॉड्यूलमध्ये अर्धं-पाऊण मिनिट जातं. चेहरा बदलला तर जास्त जातं, आणि जायलाच हवं. प्रोफाइलर दर रात्री दोन्ही आकडे काढतो. आतल्या बदलाचा आकडा चढला की दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आदल्या दिवशीचे पीआर उघडून बघतो. बहुतेक वेळा कुणीतरी घाईत इंप्लिमेंटेशनच्या जागी एपीआय लिहिलेलं असतं, किंवा कॉमनमध्ये एक नवं इनलाइन फंक्शन आलेलं असतं. त्या माणसाला बोलावून तक्ता दाखवला की पुढच्या वेळी तो स्वतःच दुसऱ्याच्या पीआरवर ती कमेंट टाकतो.

कॅप्ट अजून एका ठिकाणी शिल्लक आहे, केवायसीच्या स्क्रीनमध्ये. तिथलं डेटा बाइंडिंग सर्वांत जुनं आहे, आणि कागदपत्रांच्या पडताळणीचा कोड सणाच्या गर्दीत कुणी हलवत नाही. दिवाळीचं रिलीज बाहेर पडलं की त्या टीमने दोन स्प्रिंट ह्या कामाला द्यायचं कबूल केलंय. आधी कागदावर लिहून बघणारी ती मुलगी आता त्याच टीममध्ये आहे, आणि व्ह्यू बाइंडिंगकडे नेण्याचा आराखडा तिनेच मांडलाय.